कतरणीची गादी

मी आयुष्यात पुष्कळ जणींवर जळले आहे आणि त्याची मला फारशी लाज वाटत नाही. शाळेत जिच्या वेण्या कमरेपर्यंत होत्या तिच्यावर, कॉलेजात जिला अभ्यास न करता मार्क पडायचे तिच्यावर आणि लग्नानंतर धाकट्या जावेवर. पण एका फोमच्या गादीवर जळायची वेळ येईल असं कोणी सांगितलं असतं, तर मी हसले असते. ती वेळ आली. जवळजवळ वर्षभर मी आमच्या बाहेरच्या खोलीतल्या एका चौकोनी, ठिपक्याठिपक्यांच्या फोमच्या तुकड्याचा मनापासून राग केला.

राग कशाचा, तर माझी मुलगी त्याच्याजवळ जायची आणि माझ्याजवळ यायची नाही.

ती तान्ही असल्यापासून असंच होतं. दूध पिऊन झालं की मान फिरवायची. कडेवर घेतलं की अंग ताठ करायची, मिठी मारली की कोपराने ढकलायची. कुकरची शिट्टी झाली, शेजारच्यांचा मिक्सर सुरू झाला, खाली भंगारवाला ओरडला, की दोन्ही हात कानांवर घेऊन कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरायची आणि पाठ दाबून उभी राहायची. आमचं घर डोंबिवली पूर्वेला, वन रूम किचन. त्यात लपायला तेवढी एकच जागा. तिला नीट उभं राहता यावं म्हणून मी एकदा कपाट वीतभर पुढे ओढलं, तर तिने तिथे जायचंच सोडलं. पुन्हा मागे सरकवलं तेव्हा गेली.

आठवड्यातून एकदा तिला कल्याणला थेरपीला न्यायचे. तिथल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं की काही मुलांना हलका स्पर्श सोसत नाही, टोचल्यासारखा वाटतो, पण घट्ट दाब मिळाला की त्यांचं अंग शांत होतं. तेव्हा तिला घट्ट धरा. मी घरी आले, तिला घट्ट धरलं, थोपटलं, कानात गुणगुणले. तिने किंचाळून घर डोक्यावर घेतलं. पुढच्या आठवड्यात बाई म्हणाल्या, धीर धरा. मी धीर धरला आणि रोज किंचाळ्या ऐकल्या. शेवटी मीच माझ्यापुरता अर्थ लावला. तिला घट्ट स्पर्श चालतो, माझा चालत नाही.

ही गोष्ट मी कोणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. पोटची मुलगी अंगाला हात लावू देत नाही, हे तोंडाने कसं सांगायचं?

गणपतीत ते सगळ्यांसमोर आलं. सासूबाई गेल्यावर गणपती खरा आमच्याकडे यायचा, आम्ही थोरले. पण आमच्या बाहेरच्या खोलीत मखर मांडलं तर आरतीला जिन्यात उभं राहावं लागेल, असं सगळ्यांनी हसतहसत म्हटलं आणि गणपती ठाण्याला घोडबंदर रोडवर दिराच्या बाविसाव्या मजल्यावर गेला. तेव्हापासून मी तिथे जाऊन मोदक करते. थोरली सून असून तुपाची बरणी कुठल्या कप्प्यात आहे ते धाकटीला विचारते. ती अगदी गोड बोलून सांगते. ती वाईट असती तर माझं काम फार सोपं झालं असतं.

तिचा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. त्याला स्वतःची खोली, आणि त्या खोलीत एका कोपऱ्यात मऊ फर्निचरचा ढीग. फिकट हिरव्या, फिकट राखाडी रंगाचे फोमचे मोठाले ठोकळे, दोन जाड पाट्या, एक कमान, एक अर्धगोल. कोपरे सगळे गोलसर. पाट्या टेकवून घर करा, आडव्या टाकून घसरगुंडी करा, मुलांना अंगाला बोचणार नाही की आवाज होणार नाही. तो लहान असताना तिने व्हिडिओ बघून मागवलं होतं. आता तो मोबाईलमध्ये, आणि ढीग कोपऱ्यात. आमच्या घरात पाहुण्यांना बसायला दिवाण एक, आणि इथे बसण्या-लोळण्याचा नुसता खेळ करायला वेगळं सामान. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हाच पोटात दुखलं होतं, पण ते साधं दुखणं होतं, घरी येईपर्यंत थांबलं.

त्या वर्षी आरती सुरू झाली आणि दिराच्या सोसायटीतल्या चार-पाच पोरांनी झांजा बडवायला घेतल्या. माझी मुलगी दाराकडे पळाली. मी तिला उचललं तर तिने माझ्या खांद्याला कडकडून चावा घेतला. सगळे बघत होते. जाऊ पुढे झाली, माझ्या हातातून तिला घेतलं आणि आतल्या खोलीत गेली. आणि मुलगी गेली. ना किंचाळली, ना ढकललं.

मंत्रपुष्पांजली होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले, कारण थोरल्या सुनेने आरतीतून जायचं नसतं. मग प्रसादाची वाटी घेऊन खोलीच्या दाराशी गेले. मुलगी दोन पाट्यांच्या मधोमध पालथी पडली होती. एका बाजूने केस दिसत होते, दुसऱ्या बाजूने टाचा. जाऊ शेजारी जमिनीवर बसून वरच्या पाटीवर दोन्ही हात टेकवून रेलली होती. जावेचं लक्षसुद्धा मुलीकडे नव्हतं, ती खिडकीतून बाहेर बघत होती, बहुतेक जेवणाच्या पानांचा विचार करत असावी. आणि पाट्यांच्या आतून हसू येत होतं. पोटातून आलेलं, खुदुखुदु. साडेतीन वर्षांत ते हसू मी चार वेळा ऐकलं असेल.

जाऊ मला बघून म्हणाली, "वहिनी, बघा ना, कशी शांत झालीये."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण तो नंतर, आणि थोडाच. आधी तळपायाची आग मस्तकात गेली. हिने काय केलं असं? माझं दूध, माझं जागरण, माझ्या कल्याणच्या खेपा, आणि हसू हिच्या हाताखाली.

निघताना ती म्हणाली, हे सगळं घेऊन जा ना, आमच्याकडे आता कोण खेळतंय त्याच्याशी. मी म्हटलं, आमच्याकडे कुठे ठेवायचं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं की अडचण जागेची नाही. परतताना रिक्षात मुलगी माझ्या आणि त्याच्या मध्ये बसली होती, आणि अचानक स्वच्छ म्हणाली, "काकू मऊ."

दोन शब्द एकत्र ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली. थेरपीच्या बाई सहा महिने त्याचीच वाट बघत होत्या. 'आई' हा शब्द ती बोलायची, पण शिकवलेल्या पोपटासारखा, फोटोवर बोट ठेवलं की. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तिथूनच ठाण्याला फोन लावून सांगितलं. पलीकडून जावेचं आनंदाने बोलणं ऐकू येत होतं. मी कडेचे बोर्ड वाचत बसले.

मग मी हट्टाला पेटले. तिचं उतरलेलं घ्यायचं नाही, आपण आपलं करून घ्यायचं. पितृपक्षात नवीन वस्तू नको, नवरात्रात वेळ नाही, असं करत दिवाळी झाली. मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. तिथल्या एका शिक्षिकेने शहाडच्या एका गादीवाल्याचं नाव सांगितलं, तेव्हा एका रविवारी आम्ही तिघं गेलो.

गादीवाला साठीचा असेल. त्याचा एक नियम होता, बसणारं माणूस बसून दाखवल्याशिवाय फोम कापायचा नाही. सोफ्यासाठी आलेल्या जाडजूड शेठनाही तो आधी तुकड्यावर बसवायचा, वर-खाली व्हायला लावायचा आणि मग करवतीसारखं लांब पातं हातात घ्यायचा. मी माप सांगायला लागले तर म्हणाला, "ताई, बसणार कोण?" मी मुलीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, बसणार नाही, खाली झोपणार. वरून दाब पाहिजे. त्याने पुढे काही विचारलं नाही. पाच-सहा प्रकारचे तुकडे जमिनीवर पसरले, आम्हाला म्हणाला पोरीकडे कोणी बघू नका, आणि आम्हाला घेऊन बाहेर चहा पीत उभा राहिला.

दहा मिनिटांनी आत आलो. मुलीने पांढरे स्वच्छ, नवे तुकडे सगळे ओलांडले होते आणि ती गादीवाल्याच्या स्वतःच्या बसायच्या तुकड्यावर पालथी पडली होती. काळपट, त्यात लाल-पिवळे-निळे ठिपके. गाल त्यावर घासत होती.

तो हसला. म्हणाला, ही कतरणीची. सोफे कापून जे उरतं त्याचे बारीक तुकडे करून दाबून बनवतात. वजनदार असते, दबून बसत नाही, पण दिसायला अशी, म्हणून चांगल्या घरात कोणी तशीच उघडी ठेवत नाही. मला ते 'चांगल्या घरात' लागलं. जावेकडचं फिकट हिरवं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी दोनतीनदा मुलीला पांढऱ्याकडे वळवून बघितलं. ती पुन्हा कतरणीवर. शेवटी त्याच कतरणीच्या दोन जाड पाट्या कापून घेतल्या. घरी येऊन दोन संध्याकाळ मशीनवर बसून मी त्यांना मांजरपाटाची कव्हरं शिवली, कडेने हिरवी गोटपट्टी लावली. मुलीने ती पाचव्या मिनिटाला ओढून काढली आणि स्वयंपाकघरात नेऊन टाकली. पाट्या उघड्याच राहिल्या.

दिवाण आम्ही खालच्या मजल्यावर देऊन टाकला. दिवसा दोन पाट्या एकावर एक, पाहुणे आले तर त्यावर बसायचे. दुपारी आणि संध्याकाळी त्या तिच्या. खालच्या पाटीवर ती झोपायची, वरची अंगावर ओढून घ्यायची. नवरा म्हणायचा, आमचा बटाटावडा पावात गेला.

तिच्यात फरक पडला. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण तेव्हा मी ते कोणापाशी मोकळेपणाने कबूल केलं नाही. ती बालवाडीत टिकायला लागली. शिट्टी झाली की पाट्यांत जायची आणि दोन मिनिटांनी आपली आपण बाहेर यायची. वाक्यं यायला लागली. येणारे-जाणारे म्हणायचे, काय बाई एकेक निघतं आजकाल, एका गादीने काम केलं. मी मान डोलवायचे. गादीने काम केलं. मी काय, मी नुसती होते.

आणि तिचं त्या गादीवरचं प्रेम बघवत नव्हतं. गादीचा वास घ्यायची. खोबऱ्याची वडी दिली तर आधी गादीला भरवायची. सकाळी बालवाडीला निघताना गादीकडे वळून हात हलवायची, असं नवरा सांगायचा. मी ऑफिसला तिच्याआधी निघायचे, तेव्हा मान वर करायची नाही. नवऱ्याने एकदा चेष्टा केली, "तुझ्या बोकांडी सवत आणून बसवली की काय मी?" मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन अर्धा तास भांडी आपटली.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसायचे, जाऊ बसली होती तशीच, वरच्या पाटीवर दोन्ही हात ठेवायचे. मिनिटभरात ती सुरवंटासारखी दुसऱ्या बाजूने बाहेर निघायची आणि मी हात काढेपर्यंत लांब उभी राहायची. फोम मध्ये असूनसुद्धा तिला माझा हात कळायचा.

संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. ठाण्याहून जाऊ आली, वाण घेऊन, मोरपंखी सिल्कची साडी नेसून. तिने चपला काढल्या नाहीत तोवर मुलीने तिचं बोट धरून तिला पाट्यांकडे ओढलं, स्वतः मध्ये शिरली आणि आतून हात बाहेर काढून तिची वाट बघत राहिली. जाऊ त्या साडीनिशी लादीवर बसली आणि हात टेकले. सगळ्या बायका कौतुकाने बघायला लागल्या. समोरच्या घरातल्या काकू म्हणाल्या, "काकूचा लळा आहे हो पोरीला. आईपेक्षासुद्धा..." आणि बाकीचं वाक्य त्यांनी तिळगुळाबरोबर गिळलं. मी त्यांच्याच मनगटाला अत्तर लावत होते. जरा जास्तच लावलं. घरी गेल्यावर त्यांचं डोकं दुखलं असेल तर त्याला मी जबाबदार.

पुढचं सांगायला मात्र अवघड आहे, कारण तिथे मी नुसती जळले नाही.

दुसऱ्या वर्षीचे गणपती झाले. या खेपेला ठाण्याहून निघताना मुलगी जावेच्या पदराला धरून राहिली. ओढून आणावं लागलं. पितृपक्ष संपत आला. आमच्याकडे घट बसण्याआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची पद्धत आहे. एक चादर, एक अभ्रा मागे ठेवायचा नाही. मी ऑफिसातून रजा घेतली. नवरा कामावर, मुलगी बालवाडीत. सकाळी पाणी होतं तेवढ्यात पिंप भरून घेतलं, गोधड्या भिजवल्या, बाथरूममध्ये पायांनी तुडवल्या, गच्चीत वाळत घातल्या. मग खोलीत आले आणि पाट्या दिसल्या.

वरच्या पाटीला नाक लावलं. दूध, खोबरेल, घाम, झोपेतली लाळ. तो माझ्या मुलीचा वास होता, आणि तो माझ्या अंगाला कुठेही नव्हता, त्या गादीला होता.

अंथरूण आहे ते, धुवायलाच हवं, असं मी स्वतःला म्हटलं. बाथरूममध्ये ओढत नेलं, साबणाचं पाणी ओतलं आणि गोधडी तुडवतात तशी तुडवली. माझी आई, माझी सासू, सगळ्या बायका अंथरूण असंच धुवायच्या, मला दुसरी रीत माहीत नव्हती, हे खरं. पण गोधडी मी दहा मिनिटं तुडवते. ही किती वेळ तुडवली ते मी सांगणार नाही. रंगीत चुरा पाण्याबरोबर मोरीत वाहून जात होता, तरी मी थांबले नाही. मग दुसरीही घेतली.

फोम पाणी सोडत नाही हे तेव्हा कळलं. पाटी इतकी जड झाली की मला उचलेना. जिन्यावरून खेचत गच्चीत नेली, सगळा जिना ओला झाला, खालचे ओरडले. कठड्याला उभ्या करून ठेवल्या. दोन्हींच्या खालून थेंबथेंब पाणी गळत होतं.

दुपारी मुलीला आणलं. ती चपला काढून सरळ कोपऱ्यात गेली आणि थांबली. रडली नाही. रिकाम्या लादीकडे बघत राहिली. मग कपाटाच्या फटीकडे गेली, तिथे खांदा घातला, पण ती वर्षभरात वाढली होती, मावली नाही. पुन्हा पुन्हा खांदा घालत होती. मग परत येऊन लादीवर पालथी पडली आणि कपाळ हळूहळू आपटायला लागली.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. पाट्या जिन्याच्या टोकाला आणून ठेवल्या, तर त्यांना आंबूस वास यायला लागला. मी शहाडला फोन केला. गादीवाला म्हणाला, "फोम कोणी धुतं का, ताई?" आठ-दहा दिवस पंख्याखाली उभ्या ठेवा म्हणाला, नाहीतर नव्या कापून देतो, पण नव्या ती घेईल का ते मी नाही सांगू शकत. नवऱ्याने एवढंच विचारलं, का धुतल्यास? मी म्हटलं, घट बसणार होते. त्याला जे कळायचं ते कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिच्या कपाळावर लाल टेंगूळ आलं. दोन दिवस ती दुधाशिवाय काही घेत नव्हती. दुपारी नवरा कामावरून लवकर आला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चार-आठ दिवस ठाण्याला ठेवूया हिला. तिथे सगळं आहे." त्याचं चुकलं नव्हतं. पण मला वर्षभर ज्याची भीती होती ते हेच. ती एकदा तिथे राहायला गेली की परत येताना कोणाचा पदर धरेल, हे मी गणपतीत बघितलं होतं. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांब. तो बरं म्हणाला आणि तिची पिशवी भरायला घेतली.

मी स्वयंपाकघरात जाऊन जावेला फोन लावला. इतकी वर्षं मी तिला तुपाची बरणी कुठे आहे याच्यापलीकडे काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तू तिच्याशी नेमकं काय करतेस ते मला सांग.

"मी? काहीच नाही करत, वहिनी. नुसता हात ठेवते."

"मीपण तेच करते."

ती म्हणाली, "राग नका मानू. तुम्ही थोपटता."

मी म्हटलं, छे, मी कुठे थोपटते. ती म्हणाली, "तुम्हाला कळत नाही ते. गणपतीत तुमच्या मांडीवर नुसती उशी होती, तुम्ही तिलाही थोपटत होतात." मी खाली बघितलं. फोन उजव्या हातात होता. डावा हात ओट्याच्या कडेवर होता आणि थोपटत होता.

कल्याणच्या बाईंनी वर्षभर सांगितलं होतं, हलका स्पर्श नको. मी त्यात कधी थोपटणं धरलंच नव्हतं. थोपटणं म्हणजे स्पर्श हे डोक्यातच आलं नाही. आमच्या घरात मूल रडलं, झोपलं, तापलं, पडलं, की हात आपोआप थोपटायला लागतो. मी तिला घट्ट धरत होते आणि त्याच वेळी तिच्या पाठीवर, गादीवर, जिथे हात पोचेल तिथे टपटप टपटप टोचत होते.

मी जावेला विचारलं, वर्षभर का नाही सांगितलंस.

ती म्हणाली, "माझा तान्हा असताना माझ्याकडे रडायचा आणि तुम्ही थोपटलं की झोपायचा. मला जमायचंच नाही ते. मी बाथरूममध्ये जाऊन रडलेले, तुम्हाला माहीत नाही." आणि मग हळूच, "सांगणार होते, वहिनी. पण मला बरं वाटत होतं."

खोटं कशाला बोलू, हे ऐकून मलाही बरं वाटलं. तिच्या जागी मी असते तर मीही नसतं सांगितलं. मी तिला रागावले नाही, आभारही मानले नाहीत. ठेवते म्हटलं आणि फोन ठेवला.

बाहेरच्या खोलीत नवरा पिशवीत फ्रॉक घालत होता. मुलगी लादीवर पालथी होती, कपाळाखाली कोणीतरी, बहुतेक त्यानेच, टॉवेलची घडी सरकवली होती. मी तिच्याशेजारी बसले. डावा हात मांडीखाली दाबून ठेवला, त्याचा मला भरवसा नव्हता. उजवा तिच्या पाठीवर ठेवला, पूर्ण पंजा, आणि हळूहळू त्यावर भार टाकला. तिचं अंग ताठ झालं. माझी बोटं उचलायला धडपडत होती, शिंक दाबावी तशी मी ती दाबून धरली. काही म्हटलं नाही, गुणगुणले नाही, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खिडकीतून बाहेर बघत संध्याकाळी भाजी काय करायची त्याचा विचार करत राहिले.

कपाळ आपटणं थांबलं. मी आणखी रेलले. तिच्या पाठीतला ताठपणा माझ्या तळहाताखाली एकेक इंचाने सुटत गेला आणि तिने एक लांब श्वास सोडला. नवऱ्याच्या हातात फ्रॉक तसाच राहिला.

माझ्या हाताखाली, डोळे मिटून, ती म्हणाली, "काकू."

मी "हं" म्हटलं, आणि हात हलवला नाही.